हिचं लायसन्स

माझी बायको हेलिकॉप्टर पायलट आहे. तिच्याकडे भारताचं कमर्शियल हेलिकॉप्टर पायलट लायसन्स आहे. त्या क्षेत्रातली माणसं त्याला सीएचपीएल म्हणतात. मी रत्नागिरीत, मिरकरवाडा बंदराच्या बाजूला, मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. लायसन्स आल्यापासून भेटेल तो मला म्हणतो, "मानलं बुवा तुम्हाला, बायकोला एवढं करू दिलंत!" वाडीने सत्कार ठेवला तेव्हाही तेच. शाल-श्रीफळ तिला आणि भाषणं माझ्यावर. मला हे मनापासून लागतं. तिने जे केलं ते जवळून बघायला मिळालं, एवढं माझं भाग्य. ते नेमकं काय केलं हे आमच्या भागात कुणालाच ठाऊक नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

लग्न झालं तेव्हा ही बंदरातल्या एका बर्फाच्या कारखान्यात हिशेबाला होती. चिपळूणची मुलगी, बी.कॉम. झालेली. कुठल्या बोटीने किती लाद्या उचलल्या, कुणाची उधारी किती, सगळं तोंडपाठ. पहाटे तांडेल लोक, म्हणजे बोटींचे कप्तान, बर्फासाठी गर्दी करतात, आरडाओरडा चालतो, आणि त्या सगळ्यात ही टेबलाशी शांत बसून एकेकाची पावती फाडायची. आवाज चढवायचा नाही आणि आकडा सोडायचा नाही, हा तिचा स्वभाव मी लग्नाआधीपासून बघत होतो.

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं. तिचे आईवडील बाजारपेठेतल्या घराच्या माडीवर अडकले. फोन लागत नव्हता, रस्ते पाण्याखाली, आम्ही इकडे नुसते तगमगत. दुसऱ्या दिवशी बोटीतून त्यांना बाहेर काढलं. सासूबाई नंतर म्हणाल्या, की डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपण इथे आहोत हे कुणाला तरी माहीत आहे. रत्नागिरीकरांना हेलिकॉप्टरचं नवल नाही. इथला विमानतळ तटरक्षक दलाकडे आहे, आवाज आला तरी कुणी मान वर करत नाही. ही मात्र त्या पावसाळ्यानंतर दर वेळी मान वर करायला लागली.

दिवाळीच्या सुमारास तिने कारखान्याच्या वहीचं एक पान माझ्यासमोर ठेवलं. डाव्या रकान्यात काय लागतं, उजव्या रकान्यात काय आहे. वय अठरा पूर्ण : आहे. बारावीला फिजिक्स आणि गणित : नाही. वैद्यकीय : तपासावं लागेल. लेखी परीक्षा : द्याव्या लागतील. उड्डाणाचे तास १५० : शून्य. पैसे : नाहीत.

"सैन्यात जायचं वय गेलं माझं," ती म्हणाली. "पण नागरी लायसन्सला तिशी आड येत नाही. मी सगळं वाचून काढलंय."

मी विचारलं, "सुरुवात कुठून?"

"बारावीपासून."

आणि खरंच बारावीपासून केली. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, फक्त फिजिक्स आणि गणित असे दोन विषय घेऊन बारावीची परीक्षा देता येते. कॉमर्सच्या मुलांसाठी हा वैमानिक व्हायचा नेहमीचा रस्ता. पण तो रस्ता सतरा वर्षांच्या मुलाने चालणं वेगळं आणि संसार, नोकरी, घरातलं येणंजाणं सांभाळून चालणं वेगळं. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या असतात आणि माझ्या कामाचा खरा हंगाम तोच. हेड उतरवलेली, लायनर काढलेली इंजिनं गाळ्यात ओळीने पडलेली असतात. कारखान्यात तेव्हा काम कमी, म्हणून ती गाळ्यात येऊन बसायची. वर पत्र्यावर पाऊस वाजतोय, मी पिस्टन घासतोय आणि ही ऑइलच्या डब्यावर वही टेकवून गणितं सोडवतेय. एकदा टॉर्कचा धडा चालू होता. उठली, माझ्या हातातून पाना घेतला, दांडा टोकाला धरून नट सोडवला, मग तोच पुढचा नट दांडा जवळ धरून सोडवायला गेली. तो हलेना. काही न बोलता पुन्हा पुस्तकाकडे गेली आणि पुढची सगळी उदाहरणं सलग सोडवली. शिकवणीला कुणी नव्हतं. दोन्ही विषय सुटले त्या दिवशी मी बंदरावर पेढे वाटले. लोकांना वाटलं, पाळणा हलणार.

डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. त्यांच्या परीक्षेला बसायचं तर आधी त्यांच्याकडून कॉम्प्युटर नंबर घ्यावा लागतो, आणि सगळ्या कागदांवर नाव एकसारखं लागतं. हिचं दहावीचं प्रमाणपत्र, पासपोर्ट, पदवी, सगळं माहेरच्या नावाने. आधार तेवढं लग्नानंतर सासरच्या नावावर केलेलं. एक तर राजपत्रात नावबदल छापून आणून सगळंच बदलायचं, नाहीतर आधार पुन्हा माहेरच्या नावावर न्यायचं. तिने आधार बदललं. आमच्याकडे काही लोकांना हे जड गेलं, आईला सुद्धा थोडं. मला उलट फार बरं वाटलं. आज तिच्या लायसन्सवर मधलं नाव तिच्या वडिलांचं आहे. ज्या माणसाने पुराच्या रात्री माडीवर बसून पायरी-पायरीने पाणी चढताना बघितलं, त्याचं नाव त्या कागदावर आहे. त्याहून योग्य नाव मला सुचत नाही.

वैद्यकीय तपासणीत आधी क्लास टू, मग कमर्शियल लायसन्सला लागणारी क्लास वन. क्लास वनसाठी आम्ही दिल्लीला हवाई दलाच्या केंद्रात गेलो. डोळे, रंग ओळखणं, कान, छातीचा एक्स-रे, ईसीजी, सोनोग्राफी, रक्त, लघवी. बाकी सगळं उत्तम निघालं आणि हिमोग्लोबिन कमी. तात्पुरती अनफिट. परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती, कोलाड जाईपर्यंत बोलली नाही.

इथून आमची आई यात उतरली. तोवर ती विरोधात नव्हती, पण लांब होती. अनफिट हा शब्द तिला सहन झाला नाही. "माझ्या घरातली सून अशक्त म्हणून परत पाठवतात काय?" डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्याच. त्यावर आईने सकाळी नाचणीची आंबील, दुपारी कुळथाचं पिठलं नाहीतर तिसऱ्यांचं सुकं, रात्री हळिवाचा लाडू, असा जो मारा केला त्यातून ही सुटली नाही. पुढच्या तपासणीला सगळं नीट आलं. आईने देवाला नारळ फोडला आणि ज्या बाईने नावबदलावर नाक मुरडलं होतं तीच वाडीत सांगत फिरली की आमच्या सुनेला दिल्लीच्या डॉक्टरांनी विमानाला पास केलं. हेलिकॉप्टर आणि विमान यातला फरक आई आजही मानत नाही.

लेखी परीक्षांमध्ये एअर नेव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स आणि टेक्निकलचे पेपर. प्रत्येकात १०० पैकी ७० शिवाय उत्तीर्ण नाही. रेग्युलेशन्स ती पाठ करत नसे, कारखान्याचा हिशेब लावावा तशी एकेक नियम दुसऱ्याशी ताडून बघत असे. हवामानशास्त्र मात्र तिने अक्षरशः अंगणात बसून शिकलं. खारा वारा दुपारी का सुटतो, पहाटे जमिनीवरचा वारा समुद्राकडे का जातो, पश्चिमेचे ढग सह्याद्रीला अडून वर का चढतात आणि रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस का पडतो, हे आम्ही पिढ्यानपिढ्या भोगत आलोय. त्याची कारणं मला हिने सांगितली. मे महिन्यात गाळ्यात घामाने निथळत असताना एकदा म्हणाली, "ही हवा बघ. गरम आणि दमट, म्हणजे पातळ. अशा हवेत पात्यांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचीही ताकद घटते. आंब्याच्या दिवसात हेलिकॉप्टर कमी वजन उचलतं." इंजिनाचं मला माहीत होतं. पात्यांचं नव्हतं.

रेडिओ टेलिफोनीची परीक्षा वेगळी, आरटीआर. हेडसेट लावून बसायचं, परीक्षक कंट्रोलर होतो आणि तुम्ही पायलट. कुठला संदेश कोणत्या क्रमाने द्यायचा, काय परत वाचून दाखवायचं, संकटात तीनदा 'मेडे' म्हणून पुढे काय काय सांगायचं, एक शब्द कमी नको आणि एक जास्त नको. त्या महिन्यांत ती भाकऱ्या थापता थापता मोठ्याने संदेश बोलायची आणि कंट्रोलर व्हायचो मी. माझं इंग्रजी इंजिनाच्या मॅन्युअलपुरतं. तिने मला प्रश्नांची यादीच लिहून दिली होती. मी वाचायचो, ती उत्तर द्यायची, आई म्हणायची, "भाकरी करपली."

पैशाचं सांगायलाच हवं, कारण या वाटेवर बहुतेक जण तिथेच थांबतात. हेलिकॉप्टरचा तास छोट्या विमानाच्या तासापेक्षा बराच महाग पडतो आणि असे १५० तास. बँक तारण मागते. आमच्याकडे तारण म्हणजे आजोबांनी लावलेली हापूसची कलमं, आणि कोकणात कुठलीही बाग एकट्याची नसते. सातबारावर बाबा, दोन काका, एक वारलेला काका, त्यांची मुलं, दोन आत्या. सगळ्यांची संमती हवी. निम्मे लोक मुंबईत, एक कुटुंब बडोद्याला. हे सगळे एका छपराखाली येतात ते फक्त गणपतीत. म्हणून आम्ही गणपतीची वाट बघितली. गौरी जेवल्या, रात्री भजन झालं, आणि हिने माजघरात सगळ्यांसमोर उभं राहून तो हिशेब मांडला. एकूण खर्च किती, फेड कशी, नोकरी लागायला उशीर झाला तर हप्ते कुठून, माझ्या गाळ्याचं वर्षाचं उत्पन्न किती, सगळं कागदावर. लपवलं काहीच नाही. धाकट्या काकांनी विचारलं, "आणि नापास झालीस तर?" ती म्हणाली, "तर बर्फाच्या कारखान्यात परत जाईन आणि फेडीन. त्याचा हिशेब दुसऱ्या पानावर आहे." काकांनी दुसरं पान वाचलं, चष्मा पुसला आणि सही केली. मोठ्या काकांनी मात्र विसर्जनाच्या सकाळपर्यंत ताणलं. शेवटी आत्याने त्यांना काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण मूर्ती उचलायच्या आधी त्यांची सही झाली होती.

मग अमेरिकेतलं फ्लोरिडा. भारतात हेलिकॉप्टर शिकवणाऱ्या जागा फार थोड्या, म्हणून पुष्कळ मुलं बाहेर जातात. तिकडचं प्रायव्हेट लायसन्स किमान ४० तासांचं, कमर्शियलला १५० तास. शिकायची हेलिकॉप्टरं रॉबिन्सन कंपनीची. आर-२२ दोन माणसांचं, आर-४४ चौघांचं. आर-२२ चा फोटो तिने पाठवला तेव्हा मी तो मोठा करून करून बघितला. चार सिलिंडरचं लायकमिंग पेट्रोल इंजिन, आमच्या कुठल्याही ट्रॉलरच्या इंजिनापेक्षा छोटं. पट्टे, क्लच, गिअरबॉक्स, आणि वर फक्त दोन पाती. एवढ्याशा यंत्रात ही बसणार, हे पचायला मला वेळ लागला.

पहिली पायरी हॉवर. म्हणजे जमिनीपासून चार-पाच फुटांवर हवेत एका जागी थांबायचं. ऐकायला सोपं वाटतं. डाव्या हातात कलेक्टिव्ह, त्याने सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलतो आणि यंत्र वर-खाली होतं. उजव्या हातात सायक्लिक, त्याने पुढे-मागे, डावी-उजवीकडे. पाय पेडलवर, त्याने शेपटीचा पंखा आणि नाकाची दिशा. गोची अशी की यातलं एक हलवलं की बाकी दोन्ही बिघडतात. कलेक्टिव्ह उचललं की नाक वळतं, ते पेडलने सावरलं की यंत्र बाजूला सरकतं, ते सायक्लिकने आवरलं की उंची जाते. पहिल्या आठवड्यात तिने व्हिडिओ पाठवला. हेलिकॉप्टर मैदानभर भरकटतंय आणि मागून इन्स्ट्रक्टरचा शांत आवाज. खाली तिने लिहिलं होतं, "हात घट्ट धरला की बिघडतं. दोन बोटांनी धरायला शिकतेय." दुसरा व्हिडिओ आला त्यात हेलिकॉप्टर एका जागी होतं. गवत वाऱ्याने चहूकडे झोपलेलं आणि वर ते अगदी स्थिर. मी तो व्हिडिओ बंदरातल्या प्रत्येक माणसाला दाखवला. तांडेल लोकांना लगेच कळलं. भरतीच्या प्रवाहात बोट एका जागी धरून ठेवणं काय असतं ते त्यांना कुणी सांगायला नको.

रॉबिन्सनच्या हेलिकॉप्टरांसाठी अमेरिकेत वेगळा नियम आहे. शिकणाऱ्याने ती हाताळायच्या आधी त्यांच्या ठरावीक धोक्यांचं प्रशिक्षण घ्यावंच लागतं. त्यातला एक धोका तिने मला चित्र काढून समजावला. दोन पात्यांचा रोटर मधल्या दांड्यावर झुलता बसवलेला असतो. वेगात असताना नाक एकदम खाली दाबलं तर क्षणभर सगळं वजनरहित होतं आणि यंत्र उजवीकडे कलंडायला लागतं. माणसाचा हात आपोआप डावीकडे जातो. तिथेच घात. रोटरचा मधला भाग दांड्यावर आपटतो आणि दांडा तुटतो. बरोबर काय, तर आधी सायक्लिक अलगद मागे घ्यायचं, रोटरवर वजन परत येऊ द्यायचं, मगच कलंडणं सावरायचं. म्हणजे अंगातली भीती जे सांगते त्याच्या उलट. चित्र बघून मला त्या रात्री झोप लागली नाही. ती म्हणाली, "मला लागली. कारण मला आता माहीत आहे."

आणि ऑटोरोटेशन. लोकांचा मला पहिला प्रश्न हाच असतो, इंजिन बंद पडलं तर दगडासारखं खाली येतं का हो? येत नाही. बंद पडलेली बोट दुसऱ्या बोटीने ओढून आणताना पाण्याच्या जोराने तिचा पंखा आपोआप फिरत राहतो, इंजिन मेलेलं असलं तरी. तसंच खालून येणाऱ्या वाऱ्याने रोटर फिरत राहतो. पण त्यासाठी कलेक्टिव्ह ताबडतोब खाली दाबावं लागतं. आर-२२ ची पाती हलकी, त्यांच्यात साठवलेला जोर कमी. एक-दीड सेकंद गेला तर फेरे इतके उतरतात की परत मिळत नाहीत. मग ६५ नॉटच्या आसपास वेग धरून, मिनिटाला दीड हजार फुटांहून जास्त वेगाने खाली येत जागा निवडायची, शेवटी नाक उचलून वेग मारायचा आणि पात्यांत उरलेल्या फेऱ्यांवर अलगद टेकायचं. इन्स्ट्रक्टर न सांगता थ्रॉटल बंद करतो. बोलता बोलता, कधीही. तिचा हात विचाराच्या आधी खाली जायला लागला तेव्हा तिने लिहिलं, "आज मला वाटलं की मी हे करू शकते." त्याआधी कितीतरी महिने ती हे कधीच म्हणाली नव्हती.

पहिला सोलो झाला त्या दिवशी मला आधी सांगितलं नव्हतं. इन्स्ट्रक्टर उतरतो, दार लावतो आणि लांब जाऊन उभा राहतो. एका माणसाचं वजन गेल्यावर तोल सरकतो, आजवर हाताला बसलेलं सगळं थोडं बदलतं, आणि सांगायला बाजूला कुणी नाही. ती अंगाने बारीक, म्हणून एकटीने उडताना वजनाची पिशवी ठेवायला लागायची. तीन चकरा मारून उतरली आणि आधी चिपळूणला फोन केला, मग मला. योग्यच केलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. फ्लोरिडात उन्हाळ्यात जवळजवळ रोज दुपारी वादळी ढग उठतात, उड्डाणं रद्द होतात. मधेच इन्स्ट्रक्टर बदलला. हेलिकॉप्टर किती वेळ चाललं ते मोजणाऱ्या हॉब्स मीटरवर तासाच्या दहाव्या भागापर्यंत पैसे मोजले जातात, आणि हिशेबातली बाई ती, प्रत्येक दशांश तिला बोचायचा. एका खोलीत चौघी, रोज भात आणि अंडी. एकदा फोनवर खूप रडली. मी तिला परत ये म्हटलं नाही आणि राहा असंही म्हटलं नाही, नुसता ऐकत राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मेसेज आला, हवामान स्वच्छ आहे, आज क्रॉस कंट्री, म्हणजे लांबच्या विमानतळापर्यंतचं उड्डाण.

कमर्शियलची चेकराइड, म्हणजे लायसन्सची शेवटची परीक्षा, त्यांच्या सकाळी सुरू झाली, आपल्याकडे संध्याकाळ. आधी तोंडी परीक्षा. हवामान, वजन आणि तोल, कायदे, यंत्राचे भाग, आणि 'असं झालं तर काय करशील' असे काही तास प्रश्न. मग उड्डाण. मी गाळा बंद केलाच नाही. एका पर्ससीन बोटीचा गिअर उघडून बसलो होतो, हाताला काम हवं म्हणून. बाबा आणि बोटीचा तांडेल बाकावर बसून राहिले. मध्यरात्र उलटून गेल्यावर फोन वाजला. ती एवढंच म्हणाली, "झालं रे." मला बोलताच येईना. तांडेलाने फोन माझ्या हातातून घेतला आणि तिला म्हणाला, "बाय, तुझा नवरा रडतोय हां." बंदरावर तेवढ्या रात्री जेवढी माणसं जागी होती तेवढी सगळी गाळ्यात जमा झाली.

परत आल्यावर परदेशी लायसन्स भारतीय करून घ्यायचं काम असतं. तिकडच्या अधिकाऱ्यांकडून खातरजमा, लॉगबुकच्या प्रती, वैद्यकीय पुन्हा, इंग्रजी प्रावीण्य, रेडिओचं लायसन्स. कंटाळवाणं काम, पण नावाचा घोळ आधीच मिटवलेला असल्याने कागद अडले नाहीत. वाट बघायच्या त्या काळात मी तिचं लॉगबुक पहिल्यांदा सबंध वाचलं. हात साबणाने दोनदा धुऊन. तारीख, हेलिकॉप्टरचा नंबर, कुठून कुठे, किती तास, दिवसा की रात्री. सुरुवातीच्या पानांवर सगळे तास इन्स्ट्रक्टरबरोबरचे. मग एका ओळीपासून 'पायलट इन कमांड'च्या रकान्यात आकडे सुरू होतात आणि हळूहळू तोच रकाना भरत जातो. प्रत्येक पानाच्या खाली बेरीज, बर्फाच्या कारखान्यातल्या त्याच अक्षरात. एकाही पानावर खाडाखोड नाही. मी इंजिनांच्या तासांच्या वह्या आयुष्यभर लिहीत आलोय. तास काय असतो, तो भरायला काय लागतं, हे मला कळतं. अभिमान म्हणजे काय ते मला ते लॉगबुक हातात घेतल्यावर कळलं.

लायसन्स आलं म्हणजे नोकरी आली असं नसतं. आपल्याकडे समुद्रातल्या तेलफलाटांवर जाणारी हेलिकॉप्टरं दोन इंजिनांची, दोन पायलटांची. त्यासाठी त्या त्या हेलिकॉप्टरचं टाइप रेटिंग, म्हणजे तेच मॉडेल उडवायची वेगळी परवानगी, लागतं. नव्याने लायसन्स मिळालेले कितीतरी जण घरी बसून आहेत. हिची एका कंपनीत प्रशिक्षणार्थी को-पायलट म्हणून निवड झाली आहे. मुंबईत जुहूच्या विमानतळावरून ही उड्डाणं होतात. १९२८ साली सुरू झालेला देशातला पहिला नागरी विमानतळ तो, १९३२ मध्ये जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले होते. तिथून बॉम्बे हायचं तेलक्षेत्र साधारण १६० किलोमीटर, सगळं समुद्रावरून. म्हणून आधी पाण्यातून सुटण्याचं प्रशिक्षण. हेलिकॉप्टरच्या केबिनचा सांगाडा तलावात बुडवून उलटा करतात, आत तुम्ही पट्ट्याने बांधलेले. एक हात खिडकीच्या कडेवर ठेवायचा, हालचाल पूर्ण थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही, मग हाताच्या अंदाजाने बाहेर. ते ती मागच्या महिन्यात पार करून आली.

टाइप रेटिंग सुरू आहे, त्यानंतर इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचं दिसत नसताना नुसत्या उपकरणांवर उडायची परवानगी. बँकेचे हप्ते सुरू झालेत आणि गाळ्याच्या उत्पन्नातून ते निघतायत. जुहूपासून वर्सोव्याचं बंदर अगदी जवळ आहे आणि तिथे मच्छीमार बोटी भरपूर. मी जाऊन दोन गाळे बघून आलो, एक पसंत पडलाय. जून-जुलैचं काम रत्नागिरीत, बाकी वर्ष वर्सोव्याला, असं ठरवतोय. यंदाच्या गणपतीत सगळे घरी आले की पहिल्या हप्त्यांची पावती सातबारावाल्या सगळ्यांना दाखवायची आहे. धाकट्या काकांनी तसं आधीच सांगून ठेवलंय.